टीमसमोर किती खरं बोलायचं?

अर्धविराम

नेतृत्वाच्या कुठल्याही प्रशिक्षणात हल्ली एक वाक्य हमखास येतं: "जसे आहात तसे राहा, टीमसमोर मोकळे व्हा." ऐकायला छान. पण सोमवारी सकाळी मीटिंगमध्ये बसल्यावर या वाक्याचं करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

समजा, आठ जणांची टीम आहे आणि लीड नवा आहे. काम मागे पडलंय, वरून दबाव आहे, आणि त्याला मनातून धास्ती वाटतेय. ती सांगायची की गिळायची? सांगितली तर "हाच घाबरलाय, मग आपलं काय" अशी कुजबुज. गिळली तरी चेहरा बोलतोच.

दुसरं, आपलं काय चुकतंय हे कळणार कसं? "माझ्याबद्दल मोकळेपणाने सांगा" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि "नाही, सगळं छान चाललंय" म्हणून विषय संपवतात.

तिसरं, रोज डायरी लिहा म्हणतात. लिहायचं काय?

सुविचार नकोत. कुठलं वाक्य, केव्हा, किती वेळ आणि यात काय फसतं, एवढंच हवंय.

---

पाटीपेन्सिल

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

गिळणं वाटतं तेवढं स्वस्त नाही. भावना दाबण्यावर जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून बरंच संशोधन केलंय. त्यातून दिसतं ते असं: चेहरा कोरा ठेवला म्हणून आतली अप्रिय भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण उलट वाढतो, आणि सगळं लक्ष चेहरा सांभाळण्यात गेल्यामुळे समोर काय बोललं गेलं ते नीट आठवत नाही. २००३ च्या एका प्रयोगात एकमेकींना अनोळखी अशा स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणारी फिल्म दाखवून त्यावर गप्पा मारायला सांगितलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सूचना होती की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. रक्तदाब वाढला तो तिच्याशी बोलणाऱ्या दुसरीचाही, जिला या सूचनेचा पत्ताच नव्हता. म्हणजे गिळलेली धास्ती टेबलापलीकडे पोचतेच, फक्त निनावी पोचते. मग टीम तिला आपल्या मनाने नाव देते. बहुतेक वेळा ते नाव असतं "आपल्यावर चिडलाय".

म्हणून ती ओतायची असंही नाही. सांगणं आणि ओतणं यांत फरक करायला एक कसोटी पुरते: तुमचं बोलून झाल्यावर ऐकणाऱ्यांना काय करावं लागेल? काम करता येणार असेल तर बोला. तुमची समजूत काढत बसावं लागणार असेल तर ते बोलणं वरिष्ठाकडे, मित्राकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. हाताखालच्या माणसाला तुमची समजूत काढायला नाही म्हणता येत नाही, मेख तिथे आहे.

बोलण्याआधी भावनेला नेमकं नाव द्या. आठवडाभर "टेन्शन" हा शब्द वर्ज्य करून बघा, मग कळतं या पोतडीत आपण काय काय कोंबलंय. पुढे वाईट होईल असं वाटतं ती धास्ती. दिलेला शब्द पाळता आला नाही की येतं ते ओशाळलेपण. अन्याय झाला की चीड, तेच तेच पुन्हा घडलं की वैताग. हा शब्दांचा खेळ नाही, कारण प्रत्येकाचा उतारा वेगळा असतो. धास्तीला माहिती लागते, ओशाळलेपणाला कबुली, चिडीला त्या माणसाशी बोलणं, आणि वैतागाला कामाची पद्धत बदलणं. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात चेहऱ्यांच्या फोटोंवरच्या भावनेला नुसता शब्द दिला तरी मेंदूतल्या अमिग्डला या भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. ते फोटो परक्यांचे होते, स्वतःचा राग नव्हे, त्यामुळे फार ताणू नये. पण दिशा कळते.

मराठीने यात आपली एक सोय करून ठेवलीय. "मला राग आला" आणि "मी रागावलो". पहिल्यात राग येतो, जसा ताप येतो. दुसऱ्यात आपण काहीतरी करतो. सांगायचं पहिलं, आवरायचं दुसरं.

आता वाक्य. त्यात चार तुकडे असतात: काय घडलं, एका शब्दात भावना, ती कशामुळे आहे आणि कशामुळे नाही, आणि वेळेसकट पुढचं पाऊल.

ओतणं असं: "रात्रभर झोप नाही मला. काय होणार काही कळत नाही. वरचे नुसता जीव खातायत."

सांगणं असं: "आपण नऊ दिवस मागे आहोत. मला त्याची धास्ती वाटतेय. तुमच्या कामात कसूर आहे म्हणून नाही. तारीख कबूल करताना मी चाचणीचे दिवस धरलेच नव्हते म्हणून. दुपारी तीनला तुमच्यातले दोघं आणि मी यादी घेऊन बसू. काय वगळायचं ते सहापर्यंत सगळ्यांना सांगतो."

अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. यात फसतं ते बहुधा तिसऱ्या तुकड्यात. खरोखर एखाद्यावर चिडलेले असाल तर "कुणावर राग नाही" म्हणू नका. तो तुकडा गाळा आणि त्या माणसाला एकट्याला भेटा. चौथा तुकडा राहिला तर खोलीत फक्त भीती उरते. ऐन भरात बोलू नका, किमान वीस मिनिटं मध्ये जाऊ द्या. आणि हे रोज करू नका. दर दोन दिवसांनी मनःस्थिती जाहीर करणाऱ्या लीडची टीम हवामानाचा अंदाज घेतल्यासारखी त्याचा मूड बघून कामाला बसते.

नोकऱ्या, पगार, बदल्या यांबद्दलचे अर्धवट निर्णय सांगता येत नाहीत. तिथे "मला काही माहीत नाही" ही थाप मारू नये. "थोडं माहीत आहे, आज सांगता येत नाही, शुक्रवारी जेवढं मोकळं होईल तेवढं सांगेन" हे खरं बोलणंच आहे. फक्त शुक्रवारी सांगण्यासारखं काही नसलं तरी शुक्रवारी तोंड दाखवा.

---

उंबरठा

दुसरा प्रश्न. "सगळं छान चाललंय" हे उत्तर येतं त्यात टीमचा दोष कमी, प्रश्नाचा जास्त. "माझ्याबद्दल काय वाटतं?" याचं खरं उत्तर देणं म्हणजे समोरच्याने आपलं अप्रेझल तुमच्या हातात असताना तुमच्या स्वभावावर निकाल देणं. शहाणा माणूस गप्प बसेल.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेली जोहरी खिडकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. चार खण: मला आणि इतरांना दोघांनाही माहीत, फक्त मला माहीत, फक्त इतरांना माहीत, कुणालाच नाही. प्रशिक्षणात सगळा भर असतो दुसऱ्या खणावर, म्हणजे "स्वतःबद्दल सांगा". लीडला महाग पडतो तो तिसरा, आणि त्यात कितीही आत डोकावलं तरी दिसत नाही. तिथे इतरांचे डोळेच लागतात.

म्हणून प्रश्न लहान करा, अलीकडचा करा, आणि स्वभावाऐवजी कृतीबद्दल विचारा. "कालच्या मीटिंगमध्ये मी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं का? कुणाचं?" किंवा "अंदाजपत्रकावर बोलताना मी आधी माझं मत सांगितलं. त्याने तुमचं काही बोलायचं राहिलं का?" एका वेळी एक प्रश्न, एका माणसाला, आणि शक्यतो आदल्या दिवशी कळवून. अचानक विचारलं की माणूस पाठ केलेलं उत्तर देतो.

विचारण्याआधी स्वतःचं भाकीत कागदावर लिहा: "हा म्हणेल की दोनदा तोडलं." उत्तर पाच आलं तर शिकण्यासारखं आहे ते मधल्या तीनमध्ये. भाकीत न लिहिता विचारलं तर काहीही उत्तर आलं तरी मन म्हणतं, "हो, हे मला माहीतच होतं."

यानंतरचे दहा सेकंद सगळ्यात महत्त्वाचे. त्यात बोलायच्या गोष्टी दोनच: "लिहून घेतो" आणि "एखादं उदाहरण सांगाल?" "पण" हा शब्द नाही, खुलासा नाही, "खरं तर माझा हेतू" नाही. आणि ती कृत्रिम हसरी "थँक्यू सो मच"ही नको, ती लगेच कळते. दोन आठवड्यांनी त्याच माणसाकडे जाऊन सांगा: हे बदललं, हे बदलणार नाही, कारण हे. बहुतेक लोक हा शेवटचा टप्पा गाळतात आणि मग दुसऱ्या खेपेला पुन्हा "सगळं छान" ऐकू येतं.

सर्वांगी अभिप्राय, म्हणजे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून निनावी घेतलेला थ्री-सिक्स्टी, घेणार असाल तर तीन पथ्यं पाळा. एका गटात निदान तीन जण हवेत, नाहीतर कुणी लिहिलं ते लगेच ओळखू येतं. तो पगारवाढीला जोडू नका, जोडला की आकडे फुगतात. आणि सरासरी बघू नका. साडेतीन ही सरासरी सगळ्यांनी तीन-चार दिल्यानेही येते आणि निम्म्यांनी पाच, निम्म्यांनी दोन दिल्यानेही. दुसऱ्या बाबतीत तुमची दोन रूपं आहेत आणि ती कुणाकुणाला दिसतात हा खरा प्रश्न. भाषेवरून कुणी लिहिलं ते हुडकायचा मोह होतो. ते एकदा केलं आणि टीमला कळलं, की हा रस्ता कायमचा बंद.

अभिप्रायाने माणूस सुधारतोच असंही धरून चालू नका. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये आधीचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम बिघडलेलं आढळलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून "मी कसा आहे" याकडे वळलं की घसरण होते. म्हणून "मी उद्धट आहे का" यापेक्षा "मी कुठे तोडलं" हा प्रश्न बरा.

शेवटी मोजायचं काय? "वातावरण" मोजता येत नाही. एक तारीख मात्र मोजता येते: वाईट बातमी टीममध्ये पहिल्यांदा कुणाला कधी कळली आणि तुमच्यापर्यंत कधी आली. या दोहोंतले दिवस महिनाभर टिपा. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या चमूंमध्ये औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त बोलल्या जात होत्या. तेव्हा पहिले दोन-तीन महिने तक्रारी वाढल्या तर घाबरून दार लावून घेऊ नका.

---

तिरकस

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण मूळ वाक्याबद्दलच शंका आहे. "जसे आहात तसे राहा" याचा व्यवहारातला अर्थ बरेचदा "मी असाच आहे, चालवून घ्या" असा होतो. फटकळ माणूस फटकळपणाला प्रामाणिकपणा म्हणतो, संकोची माणूस अवघड बोलणं टाळतो आणि त्याला साधेपणा म्हणतो. हर्मिनिया इबारा यांनी २०१५ च्या लेखात हीच अडचण मांडली होती: नव्या भूमिकेत जे शिकावं लागतं ते सुरुवातीला "हा मी नव्हे" असंच वाटतं, आणि खरेपणाच्या नावाखाली माणूस जुन्याच सवयींना चिकटून बसतो. नव्या लीडला कामं वाटून देताना आपण नाटक करतोय असं वाटणारच. ती अवघडलेपणाची जाणीव खोटेपणाचा पुरावा नाही.

अवांतर: २००८ मध्ये या "जसे आहात तसे" प्रकारचं, म्हणजे ऑथेंटिक नेतृत्व मोजायला सोळा विधानांची प्रश्नावली तयार झाली, तिचे घटक चार आहेत. स्वतःची जाण, नात्यातला मोकळेपणा, विरुद्ध मताचाही विचार करणं, आणि बाहेरच्या दबावापेक्षा स्वतःच्या मूल्यांवर चालणं. "मोकळे व्हा" हा चारांतला एक. बाकीच्या तिघांवर कार्यशाळा भरत नाहीत, कारण त्यात डोळे पाणावत नाहीत.

---

दुरेघी

तिरकस यांच्याशी सहमत. डायरीचं मी सांगते.

रोज मन मोकळं करणारी डायरी या कामाला फारशी उपयोगी नाही. जेम्स पेनेबेकर यांच्या प्रसिद्ध लेखन-प्रयोगांतही (पहिला १९८६ चा) लोकांना आयुष्यभर लिहायला लावलं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं, ओळीने तीन-चार दिवस, एकाच जड विषयावर, बस. रोज "मी असा का वागलो?" लिहीत बसलं की मन सोयीचं कारण शोधतं, नाहीतर तेच तेच उगाळतं. "का"च्या जागी "काय" घाला: काय झालं तेव्हा माझा आवाज चढला, त्याआधी मी काय गृहीत धरलं होतं, पुढच्या वेळी काय वेगळं करून बघता येईल.

यापेक्षा चांगलं साधन म्हणजे ख्रिस आर्जिरिस यांची दोन रकान्यांची पद्धत. आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास. एकच फसलेलं संभाषण घ्यायचं, ते घडल्यापासून एका दिवसाच्या आत, नाहीतर आठवण स्वतःच्या बाजूने झुकते. पानाच्या मधोमध रेघ मारा. उजवीकडे प्रत्यक्ष बोललेलं, शक्य तितकं जसंच्या तसं, आठ-दहा ओळी. डावीकडे त्याच क्षणी मनात होतं पण बोललं नाही ते. उदाहरणार्थ:

उजवीकडे, मी: "अहवाल कसा चाललाय?"
डावीकडे: अजून सुरुवातही केली नसणार याने.

उजवीकडे, तो: "होतोय, थोडं बाकी आहे."
डावीकडे: थोडं म्हणजे सगळंच.

उजवीकडे, मी: "काही मदत लागली तर सांग हं."
डावीकडे: शेवटी मलाच रात्री बसून करावं लागणार.

उजवीकडे, तो: "हो, नक्की."
डावीकडे: याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

वाचताना दिसतं की चार वाक्यांच्या या संभाषणात मी एकदाही अहवाल पाहायला मागितला नाही. त्याने सुरुवात केली नाही हे गृहीतक तपासलंच नाही, आणि मदत देऊ केली ती मनात संशय ठेवून. त्यालाही तो संशय जाणवला असणार, म्हणून "हो, नक्की". आर्जिरिस यांचं म्हणणं हेच की आपण सांगतो ती तत्त्वं वेगळी आणि प्रत्यक्षात आपल्याला चालवणारे नियम वेगळे. विचारलं असतं तर याच लीडने "मी टीमवर विश्वास टाकतो" असं सांगितलं असतं, आणि ते मनापासून.

आता डाव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे मला माहीत आहे, की मी समजून चाललोय? समजून चाललेल्या ओळीचा प्रश्न करा. "आत्तापर्यंतचा मसुदा दाखवशील? गुरुवारी पूर्ण होईल असं मला वाटत नाहीये, माझा अंदाज चुकत असेल तर बरंच आहे." यात शंका उघड आहे, पण निकाल नाही.

चूक होते ती अशी की व्यायाम केल्याच्या उत्साहात लोक डावा रकानाच वाचून दाखवतात. "तुझ्यावर विसंबण्यात अर्थ नाही" हे बोलणं म्हणजे भावनिक प्रामाणिकपणा नव्हे, तो कच्चा माल आहे. दुसरी चूक म्हणजे समोरच्याचा डावा रकाना आपणच भरणं. तो त्याचा त्यालाच भरू द्यावा. आणि ही वही ऑफिसच्या संगणकावर ठेवू नका, कागदावरच बरी.

---

अर्धविराम

दुरेघी, ते चार ओळींचं संभाषण जसंच्या तसं ओळखीचं वाटलं. सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: हे सगळं माहीत असूनही लीड सगळ्यांसमोर एखाद्यावर चढ्या आवाजात बोलून गेला, तर पुढे काय?

---

उंबरठा

माफी. चोवीस तासांच्या आत, आणि आधी त्या माणसाकडे एकट्याने. पण तिथेच थांबू नका. अपमान सात जणांनी पाहिला असेल तर माफीही त्या सातांनी ऐकायला हवी, नाहीतर त्यांच्या हिशोबी ती झालेलीच नसते. सर्वांसमोर बोलण्याआधी त्या माणसाला विचारा. काहींना दुसऱ्यांदा सगळ्यांच्या नजरेत यायचं नसतं. तो नको म्हणाला तर नाव न घेता, फक्त स्वतःच्या वागण्यापुरतं बोला.

वाक्य असं: "काल मी आवाज चढवला आणि तुझं म्हणणं पूर्ण होऊ दिलं नाही. ते चूक होतं. तुझा मुद्दा राहिला, तो आज पहिला घेऊ." यात "तुला वाईट वाटलं असेल तर" नाही, कारण त्याने चूक त्याच्या हळवेपणावर ढकलली जाते. "माझ्यावर फार दबाव होता" हेही नाही. ते खरं असेल, पण माफीच्या वाक्यात आलं की माफी खुलासा बनते. आणि "माफ केलंस ना?" असं विचारून लगेच उत्तर वसूल करू नका. हाताखालचा माणूस हो म्हणणारच, त्या होला किंमत नाही.

मग पुन्हा न होण्याची तजवीज. "मी शांत राहीन" हा संकल्प टिकत नाही. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातला "अमुक झालं तर तमुक करीन" हा साचा जास्त चालतो, कारण त्यात प्रसंग आधीच ठरलेला असतो. "तारीख चुकल्याचं कुणी सांगितलं, तर मी पेन खाली ठेवीन आणि कधी कळलं एवढंच विचारीन." एकाच प्रसंगासाठी एकच, लिहून, वहीच्या पहिल्या पानावर. पाच-सहा केले की एकही आठवत नाही.

---

पाटीपेन्सिल

वरच्या उदाहरणातला "कधी कळलं" हा प्रश्न आवाज सांभाळून विचारा. तोच प्रश्न चढ्या सुरात उलटतपासणी वाटतो, आणि मग उंबरठा यांनी सांगितलेले ते मोजायचे दिवस परत वाढायला लागतात. टीममधल्या एखाद्या जुन्या, न घाबरणाऱ्या माणसाशी खूण ठरवून ठेवली तर उपयोग होतो. सूर चढला की त्याने फक्त "पाच मिनिटं थांबू या का?" म्हणायचं, आणि लीडने कारण न विचारता थांबायचं. पहिल्यांदा थांबला नाही, तर तो माणूस दुसऱ्यांदा म्हणणार नाही.